स्टॉलबाहेरची दिल्ली

दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबर या काळात भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. बचत गटांच्या भगिनीही आपला माल घेऊन तिथे जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गटाबरोबर हिशेब लिहिण्यासाठी आम्ही गेलो होतो. मसाले, गोधड्या चांगल्या खपल्या. पण घरी आल्यावर एका ताईंना लेकीने विचारले, "आई, दिल्ली कशी आहे गं?" ताई गप्प झाल्या. चौदा दिवसांत त्यांनी स्टॉल आणि मुक्कामाची खोली एवढेच पाहिले होते. चूक त्यांची नव्हती, आमची होती. विक्रीची वही आम्ही नीट आखली, पण सुट्टीची पाळी आखली नाही.

म्हणून यंदा जाणाऱ्यांना आमचे सांगणे आहे की, निघण्यापूर्वीच पाळ्या ठरवा. मेळ्याचे सुरुवातीचे काही दिवस व्यापाऱ्यांसाठी राखीव असतात, सर्वसाधारण लोकांची गर्दी नंतर होते. त्या आधीच्या दिवसांत दोघी-दोघींनी आळीपाळीने अर्धा दिवस बाहेर पडावे. सोमवारी मात्र बहुतेक संग्रहालये बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.

अगदी जवळचे ठिकाण म्हणजे भैरों मार्गावरील राष्ट्रीय हस्तकला संग्रहालय. देशभरातील कारागिरांचे विणकाम, भरतकाम, मातीकाम तिथे पाहायला मिळते. आपली गोधडी कमी भावात देण्यापूर्वी प्रत्येकीने ते पाहावे. हाताच्या कामाची किंमत तिथे कळते.

दुसरे ठिकाण फिरोजशहा कोटला. प्रगती मैदानाजवळच्या मेट्रो स्थानकाचे नाव आता सुप्रीम कोर्ट आहे. तिथून मंडी हाऊसला गाडी बदलून दिल्ली गेटला उतरावे. कोटल्यात सम्राट अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून आणवला. बेचाळीस चाकांचा गाडा माणसांनी ओढला, पुढे यमुनेतून नावांनी प्रवास झाला. त्या ओढणाऱ्या हातांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. स्तंभावरील लेखात मात्र वाटसरूंसाठी वडाची झाडे लावल्याचे, विहिरी खणल्याचे, पाणपोया घातल्याचे सांगितले आहे. ही ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी उलगडली. त्यापूर्वी कित्येक शतके लोक स्तंभ पाहत, पण लेख कोणाला वाचता येत नव्हता.

तिसरे ठिकाण २६, अलिपूर रोड. राजीव चौकात गाडी बदलून सिव्हिल लाइन्स स्थानकावर उतरावे. मंत्रिपद सोडल्यानंतर बाबासाहेब इथे राहत होते आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण इथेच झाले. उघड्या पुस्तकाच्या आकाराचे स्मारक २०१८ साली खुले झाले. चैत्यभूमीवर आपण दरवर्षी जातो. त्यांचा अखेरचा श्वास जिथे थांबला, ती जागाही पाहून यावी.

जाताना स्वेटर घ्यावा, संध्याकाळी थंडी पडते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मास्क विसरू नये, त्या दिवसांत हवा वाईट असते.

पुढच्या वर्षी त्याच ताई पुन्हा गेल्या. या वेळी हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर पाळ्या लिहिल्या होत्या. परतल्यावर मुलीने काही विचारण्याआधीच त्या सांगू लागल्या.