डोंगरांचं कपलिंग

शनिवारची रात्र, साडेअकरा. टीपॉयवर अर्धा पिझ्झा, वीस बाजूंचा फासा आणि मी सलग तीन संध्याकाळी डोळे फोडून बनवलेला नकाशा. मनातल्या मनात मी आधीच टाळ्या घेत होते. आमचा गेममास्टर (एरवी बँकेत रिस्क बघतो, त्यामुळे कौतुक हा त्याचा प्रांत नाही) प्रिंट हातात घेऊन बसला. ती सरळ धरली, मग आडवी धरली, मग मान तिरकी करून पुन्हा बघितली आणि म्हणाला, ''अगं, तुझे डोंगर झोपलेत.''

सगळे खो खो हसले. मीही हसले. पण खरं सांगू? जाम लागलं.

ज्यांना या खेळाचा फंडा माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पाच ऑफिसवाले दर शनिवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. १९७४ साली आलेला हा खेळ. एक जण जग रचतो, बाकीचे त्यात पात्रं बनून जगतात, आणि कठीण प्रसंगी निकाल फासा लावतो. आमच्या कथेत आम्ही किनाऱ्यावरून पठारावरच्या एका शहरात मिठाचा तांडा घेऊन चाललो होतो. शहराला वेढा पडलाय, मीठ संपलंय, मध्ये डोंगर आहेत. आणि ते डोंगर काढायचं काम माझ्याकडे, कारण 'तुझं मास कॉम झालंय, तुला डिझाइन येत असेल.' (मास कॉमवाल्यांना सगळं येतं हा समज कुणी पसरवलाय, देव जाणे.)

कल्पनेतल्या जगात नकाशा ही शोभेची गोष्ट नसते बरं का. टॉल्किनने 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'बद्दल लिहून ठेवलंय, की त्याने आधी नकाशा केला आणि मग गोष्ट त्यात बसवली. १९५४ साली छापलेला तो नकाशा त्याच्या मुलाने, ख्रिस्तोफरने काढला होता. आज कॅम्पेन कार्टोग्राफर, वंडरड्राफ्ट, इंकार्नेट अशी खास सॉफ्टवेअर्स आहेत. नाहीतर आपलं इलस्ट्रेटर किंवा फुकटातलं इंकस्केप आहेच.

नवशिका माणूस काय करतो? डोंगराचा तयार शिक्का घेतो आणि क्लिक, क्लिक, क्लिक. चाळीस त्रिकोण ओळीत. दिसायला डोंगररांग कमी आणि लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्या जास्त. मीही तेच केलं होतं. मग कळलं, की यावर एक उपाय आहे. सुटे शिक्के न मारता एकमेकांत अडकणारी चिन्हं बनवायची. तुम्ही फक्त एक रेघ ओढायची. सॉफ्टवेअर त्या रेघेवर तुकड्याला तुकडा जोडत जातं आणि सलग रांग उभी राहते.

कल्पना लोकलच्या डब्यांसारखी आहे. डबा आतून कसाही असो, फर्स्ट क्लास असो, लेडीज असो, नाहीतर मालडबा. कपलिंग एकाच उंचीवर पाहिजे. डोंगराचंही तसंच. प्रत्येक चिन्हाची धार डावीकडून ज्या उंचीवर आत येते, त्याच उंचीवर उजवीकडून बाहेर पडली पाहिजे. उतारही तोच, रेघेची जाडीही तीच, सावलीचा रंगही तोच. यातलं एक जरी चुकलं तरी जोड दिसतो, आणि एकदा डोळ्याला जोड दिसला की मग डोंगर दिसतच नाही. मधल्या भागात मात्र तुम्ही काय वाट्टेल ते करा.

याचा फायदा मोठा आहे. समजा, मधले पाच वेगवेगळे तुकडे केले आणि पाचही एकमेकांशी जुळतात. तर चार तुकड्यांची रांग ६२५ प्रकारांनी लागू शकते. पाच चित्रांत सव्वासहाशे रांगा! शिवाय दोन टोकांचे तुकडे वेगळे हवेत. डोंगर जमिनीतून हळूहळू वर येतो आणि हळूहळू जमिनीत जातो, भिंतीसारखा अचानक संपत नाही. इलस्ट्रेटरच्या पॅटर्न ब्रशमध्ये तर पाच खण असतात: सरळ तुकडा, बाहेरचा कोपरा, आतला कोपरा, सुरुवात आणि शेवट. कोपरे डोंगरांना फारसे लागत नाहीत. टॉल्किनच्या मॉर्डोरला लागले असते. तीन बाजूंना जवळजवळ काटकोनात वळणाऱ्या त्याच्या पर्वतांची जाणकार मंडळी अजून खेचत असतात.

तर एवढं सगळं वाचून, शिकून मी तो नकाशा केला होता. मग डोंगर झोपले कसे?

चूक साधी होती. आपण नकाशा वरून बघतो, पण त्यातला डोंगर समोरून बघितल्यासारखा काढतो. रेघ डावीकडून उजवीकडे असेल तोवर सगळं छान. पण इंकस्केपमध्ये नमुना रेघेवर चढवला की तो रेघेबरोबर वळतो. माझी रांग उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे कागदावर वरून खाली जात होती. त्यामुळे प्रत्येक शिखर नव्वद अंशांत कलंडून पूर्वेकडे तोंड करून पडलं होतं. अख्खी रांग वामकुक्षीला! हिमालयासारखी बरीचशी आडवी रांग असती तर मी सुटले असते.

पुढच्या आठवड्यात एका मीटिंगसाठी मुंबईला जायचं होतं. सकाळची डेक्कन क्वीन, खिडकीची जागा, मांडीवर लॅपटॉप आणि स्क्रीनवर तेच झोपलेले त्रिकोण. खंडाळा गेलं, बोगदे सुरू झाले, उजेड-अंधार, उजेड-अंधार. आणि एका उजेडात मी सहज बाहेर बघितलं. समोर नागफणी, पलीकडे राजमाचीचे दोन बालेकिल्ले, खाली दरी. गेली आठ-नऊ वर्षं मी या डोंगरांत ट्रेक करतेय. आणि त्या क्षणी लक्षात आलं, की यात एकही त्रिकोण नाहीये.

विचार करा. शाळेत आपण सगळ्यांनी तेच चित्र काढलंय. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी. ते चित्र काढताना वर्गाच्या खिडकीतून दिसणारा खराखुरा डोंगर मात्र वरून सपाट होता! सह्याद्री हा लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून त्याला सपाट माथे, सरळ तुटलेले कडे आणि पायऱ्या पायऱ्यांची बाजू. या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, त्यातला 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आलाय. आणि आपला 'घाट' शब्दही पायऱ्यांचाच. दोन टोकांच्या भाषांना एकच गोष्ट दिसली, मला मात्र आठ-नऊ वर्षांत दिसली नव्हती. तयार शिक्क्यांमधली आल्प्ससारखी टोकं मी बिनदिक्कत उचलली होती.

मग लॅपटॉप बंद केला आणि तिकिटाच्या प्रिंटआउटच्या मागे काढायला लागले.

पहिली गोष्ट, सह्याद्री दोन्ही बाजूंनी सारखा नाही. कोकणाकडे कडा तुटतो, देशाकडे हळूहळू उतरतो. म्हणून माझ्या नव्या चिन्हाची डावी बाजू उभी आणि आखूड, उजवी बाजू लांब आणि निवांत. याचा परिणाम फक्त दिसण्यापुरता नाही. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्र इतका जवळ असूनही त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात पूर्वेला दहिवडी-म्हसवडकडे पाचशेच्या आसपास. म्हणजे नद्या कुठे वाहणार, दुष्काळ कुठे पडणार, हे डोंगराच्या बाजूवर ठरतं. नकाशावर डोंगर आधी का काढायचे, ते असं.

दुसरी गोष्ट, उभी रांग. इथे चिन्ह वळवायचंच नाही. प्रत्येक डोंगर ताठ उभा ठेवायचा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे एकावर एक लावत यायचं. खालचा डोंगर वरच्याचा पायथा झाकतो. वरच्याची धार खाली उतरत येते आणि पुढच्याच्या माथ्यामागे जाऊन लपते. इथलं कपलिंग ते. यासाठी चिन्हाच्या आत कागदाच्याच रंगाचा भराव हवा, नाहीतर मागच्याच्या रेघा पुढच्यातून एक्स-रेसारख्या दिसतात. आणि पायथ्याला रेघ ओढायची नाही, तो मोकळा सोडायचा.

तिसरी, फाटे. सह्याद्रीतून पूर्वेला सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट, शंभू महादेव अशा रांगा निघतात. म्हणजे दोन जोडांवर भागत नाही, उजवीकडे तिसरं कपलिंग असलेला एक तुकडा लागतो.

चौथी, नागफणी. माझ्या जुन्या सेटमध्ये एक वाकड्या सुळक्याचा तुकडा होता, मला फार आवडायचा. पण तो रांगेत चार वेळा आला की डोळा नेमका त्याच्यावरच अडकतो आणि सगळी चोरी पकडली जाते. नागफणी एकच आहे म्हणून ती नागफणी आहे. तेव्हा मधले तुकडे मुद्दाम साधे ठेवायचे, सिनेमात हिरोच्या मागे नाचणाऱ्या ग्रुपसारखे. हिरो शिखर सुटं ठेवायचं आणि शेवटी हाताने एकदाच लावायचं.

आणि पाचवी, जी मी पूर्णच विसरले होते. खिंड.

बघा ना, सह्याद्रीत माणसांचा इतिहास शिखरांवर जितका घडला, तितकाच शिखरांच्या मधल्या फटींत. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाटातून जुन्नरला चढायचा. तिथला शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही ट्रेकर लोक बघून येतात. मी ज्या गाडीत बसले होते, त्या बोरघाटातून रेल्वे गेली १८६३ साली. डोंगर सगळ्यांना अडवतो, पण तो कुठे अडवत नाही, त्यावर गावं वसतात. माझ्या नकाशात चाळीस शिखरं होती आणि तांडा जाईल अशी एक जागा नव्हती. रिस्कवाल्याने खरं तर हसून माझी इज्जतच राखली होती.

दादरला उतरेपर्यंत कागद भरला होता. पुढच्या चार संध्याकाळी मी नवीन सेट केला. मधले पाच, टोकाचे दोन, फाट्याचा एक, हिरो एक आणि खिंडीचे तीन: एक रुंद, एक चढाची, एक अगदी चिंचोळी. कड्यांवर उभ्या बारीक रेघा दिल्या. जितका उतार तीव्र तितकी रेघ जाड, ही पद्धत योहान गेओर्ग लेमान या सॅक्सनीच्या लष्करी अधिकाऱ्याने १७९९ साली शिस्तीत बसवली, ती अजून चालते. उजेड सगळीकडे वरच्या डाव्या कोपऱ्यातून. खालून उजेड दिला तर आपला मेंदू गोंधळतो आणि डोंगराचा खड्डा होतो. ट्राय करून बघा, कुठलाही छायांकित नकाशा उलटा धरा.

तुम्हाला करून बघायचं असेल तर एकच सांगते, कम्प्युटर नंतर सुरू करा. आधी कागदावर दोन तुकडे काढा, कापा, त्यांची अदलाबदल करून शेजारी ठेवा. डाव्याचं उजवीकडे, उजव्याचं डावीकडे. दोन्हीकडून जुळले तरच तिसरा काढायला घ्या. मी बारा तुकडे काढून मग जुळवायला बसले होते, डोक्याला शॉट झाला.

शनिवार आला. नवा नकाशा टीपॉयवर पसरला. या वेळी कुणी हसलं नाही, कारण सगळे वाकून भांडायला लागले होते. रुंद खिंडीत शत्रूची चौकी असणार. चढाच्या खिंडीत बैल टिकणार नाहीत. चिंचोळी जवळची, पण एका वेळी एकच बैल जाईल. आधीच्या नकाशावर 'डोंगर ओलांडले' हे एक वाक्य झालं असतं. या वेळी दीड तास नुसता वाद. शेवटी चिंचोळी ठरली.

खिंडीच्या तोंडाशी हल्ला झाला. मागे वळायला जागा नव्हती. आमच्या ग्रुपमधली सीए, तिने दीड वर्ष जपलेलं पात्र, तांड्याची म्होरकी. ती तिथेच थांबली आणि बाकीच्यांना पुढे काढलं. फासा टाकला. दोन आले.

मीठ शहरात पोचलं. ती नाही पोचली.

खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सीएने नकाशा जवळ ओढला, त्या चिंचोळ्या खिंडीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ''ही इतकी अरुंद कशाला काढलीस गं?''

काय उत्तर देणार? गेममास्टर मात्र फासा गोळा करता करता माझ्याकडे न बघताच म्हणाला, ''डोंगर जागे झालेत.'' बँकवाल्याकडून याहून मोठं सर्टिफिकेट मिळत नाही. सीएने पेन मागितलं आणि खिंडीच्या बाजूला बारीक अक्षरात स्वतःच्या पात्राचं नाव लिहिलं. आता ती खिंड त्याच नावाची झाली.