जीवाणूंचा संवाद तोडणारी हळद-लसूण?

प्रतिजैविकांना दाद न देणारे जीवाणू वाढत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर २०२५ च्या अहवालानुसार, २०२३ मध्ये जगभरात प्रयोगशाळेत निदान झालेल्या दर ६ जिवाणू संसर्गांपैकी १ प्रतिरोधक होता. भारत ज्यात येतो त्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण ३ पैकी १ होते. म्हणूनच जीवाणूंना मारण्याऐवजी त्यांचा आपसातला संवाद तोडण्याच्या संशोधनाला महत्त्व आले आहे.

अनेक जीवाणू सूक्ष्म रासायनिक रेणू बाहेर सोडतात. संख्या वाढली की या रेणूंचे प्रमाण वाढते आणि सभेची गणपूर्ती व्हावी तसे सगळे एकदम कामाला लागतात. ते विषारी द्रव्ये तयार करतात, चिकट थर बांधतात. या संवादाला ‘कोरम सेन्सिंग’ आणि थराला ‘बायोफिल्म’ म्हणतात. दातांवर साचणारा थर हा बायोफिल्मच. लघवीच्या नळीवर, कृत्रिम सांध्यावर किंवा मधुमेहींच्या पायाच्या जखमेत तो बसला, की औषध आतल्या जीवाणूंवर नीट काम करत नाही.

वनस्पती अशा जीवाणूंशी रसायनांनीच लढतात. लसणातील अजोईन, हळदीतील कर्क्युमिन आणि दालचिनीतील सिनॅमाल्डिहाइड यांनी प्रयोगशाळेत स्युडोमोनास जीवाणूंचा हा संवाद मंदावतो, असे दिसले आहे. जीवाणू मरत नसल्याने प्रतिरोध निर्माण होण्याचा दबावही कमी राहील, अशी अपेक्षा आहे. तो मुळीच येणार नाही, असे मात्र नाही.

काचेच्या बशीतले यश रुग्णापर्यंत पोहोचणे अवघड असते. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आजारात लसणाच्या कॅप्सूल ८ आठवडे देऊन पाहणारी २६ रुग्णांची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ठोस फायदा आढळला नाही. चाचणी छोटी होती, त्यामुळे तो अंतिम निकाल नव्हे. पण ‘लसूण खा, जंतू पळवा’ असे म्हणायला आधारही नाही. कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारच कमी शोषले जाते. बशीत वापरलेली मात्रा जेवणातून मिळत नाही.

खरा धोका इथेच आहे. पायाच्या जखमेवर हळद भरून आठवडाभर वाट पाहणाऱ्या मधुमेहीला बोट किंवा पाय गमवावा लागू शकतो. बायोफिल्मवर आज हाती असलेला इलाज साधाच आहे : जखमेतला मृत भाग वेळेवर काढणे, साखर ताब्यात ठेवणे, गरज संपताच लघवीची नळी काढणे, हात धुणे आणि प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच घेणे.

वनस्पतींतील द्रव्यांवर आपल्याकडे प्रयोगशाळांत भरपूर काम होते. त्यातले निवडक पदार्थ शुद्ध स्वरूपात, ठरलेल्या मात्रेत, प्रतिजैविकांच्या जोडीने रुग्णांवर काटेकोरपणे तपासण्यासाठी सरकारी निधी हवा. तोवर हळद-लसणाची जागा स्वयंपाकघरातच आहे.