सवंगड्यांनी दिलेला मान

परळ-लालबागच्या कापडगिरण्या ज्या काळी रात्रंदिवस पाळ्यांत चालत असत, त्या काळी चांगला विणकर कोणता हे ठरविण्याच्या दोन रीती होत्या. एक जॉबरची. तो ज्याच्या पाठीवर थाप मारी, तो चांगला. दुसरी रीत साचेखात्यातील कामगारांची होती. ती कोठे लिहून ठेवलेली नसे. तुटलेला धागा कोण किती चटकन जोडतो, शेजाऱ्याचा साचा अडला असता आपला साचा सांभाळून त्याच्या मदतीस कोण धावतो, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसास कोणी न सांगताच कळत असे. 1982 च्या संपानंतर त्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. परंतु कामाची खरी पारख कोणी करावी, वरून पाहणाऱ्याने की बरोबर राबणाऱ्याने, हा प्रश्न काही बंद पडलेला नाही. फुटबॉलच्या खेळात या प्रश्नाला एक विचार करण्याजोगे उत्तर सापडते. तेच आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉल हा ज्यांचा चरितार्थाचा व्यवसाय आहे अशा खेळाडूंची एक संघटना आहे. ती 1907 साली मँचेस्टर येथे स्थापन झाली. खेळाडूंचा पगार, दुखापत, करार अशा गोष्टींकडे लक्ष देणे हे तिचे मुख्य काम. वर्षातील उत्तम खेळाडू निवडण्याचे काम तेथे 1948 पासून वृत्तपत्रांचे क्रीडालेखक करीत असत, आणि स्टॅन्ली मॅथ्यूज या विख्यात खेळाडूस तो पहिला मान मिळाला होता. लेखकांचा मान आजही चालू आहे. परंतु 1974 साली खेळाडूंच्या संघटनेने आपला स्वतंत्र मान देण्यास आरंभ केला. येथे मत देणारे सारे खेळाडूच. त्या पहिल्या वर्षी लेखकांनी इयान कॅलाहन यास निवडले, तर खेळाडूंनी नॉर्मन हंटर यास.

या हंटरची कथा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तो लीड्स युनायटेड या संघाच्या बचावफळीत खेळे. 1966 साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा तो राष्ट्रीय संघात होता. पण एकाही सामन्यात त्याला मैदानावर उतरावयास मिळाले नाही. त्याच्या जागी बॉबी मूरसारखा कर्णधार खेळत असता दुसऱ्या कोणाचा पाड लागणार? पुढे 17 ऑक्टोबर 1973 रोजी वेम्बलीच्या मैदानावर इंग्लंडची पोलंडशी गाठ पडली. विश्वचषकाच्या स्पर्धेत प्रवेश मिळविण्यासाठी इंग्लंडला तो सामना जिंकणे अवश्य होते. मैदानाच्या कडेला हंटरच्या पायातून चेंडू निसटला, पोलंडच्या खेळाडूंनी तो हिरावून घेतला आणि क्षणार्धात गोल झाला! इंग्लंडने नंतर बरोबरी साधली खरी, पण सामना 1–1 असा सुटला आणि 1974 च्या विश्वचषकाचे दार इंग्लंडला बंद झाले. एवढ्या मोठ्या देशाचा हिरमोड झाला, आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली ती हंटरची एक चूक.

त्याच हंगामात, काही महिन्यांनी, देशभरच्या खेळाडूंनी आपला पहिलावहिला मान त्याच माणसास दिला.

त्यांना ती चूक ठाऊक नव्हती काय? अवश्य ठाऊक होती. परंतु त्याच वर्षी लीड्सचा संघ पहिल्या सलग 29 साखळी सामन्यांत अजिंक्य राहिला होता, आणि त्या संघाच्या बचावफळीशी झुंजताना आपली किती दमछाक होते हेही प्रतिस्पर्ध्यांना ठाऊक होते. प्रेक्षकाने एक क्षण पाहिला. खेळाडूंनी अख्खा हंगाम अनुभवला. मला तर असे वाटते की, चूक होणे किती सोपे असते हे ज्याला स्वतःच्या पायांनी कळलेले असते, तोच दुसऱ्याची चूक योग्य त्या मापाने मोजू शकतो.

या मतदानाचा एक नियम आहे, तो मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या स्वतःच्या संघातील खेळाडूस मत देता येत नाही. याचा अर्थ असा की, ज्याला हा मान मिळतो त्याला तो मित्रांकडून मिळत नसून ज्यांना त्याने हरविले, अडविले, चिखलात लोळविले, त्यांच्याकडून मिळतो. 2017 साली एन्गोलो कांटे याला हा मान मिळाला. त्या हंगामात साखळी सामन्यांत त्याने केलेला गोल अवघा एक! प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेणे आणि तो आपल्या गड्याकडे सोपविणे, हेच त्याचे काम.

आपल्या देशात काय घडले? येथेही 2006 साली बायचुंग भुतिया या नामवंत खेळाडूच्या पुढाकाराने फुटबॉलपटूंची संघटना उभी राहिली, आणि पुढे तीही खेळाडूंच्या मतांनी मान देऊ लागली. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा मान निराळा, हा खेळाडूंचा. 2009 साली तो सुनील छेत्री यास मिळाला. आता याच छेत्रीचा मुंबईतील एक प्रसंग पाहा. 1 जून 2018 रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने चिनी तैपेईचा 5–0 असा पराभव केला. छेत्रीने तीन गोल केले. आणि प्रेक्षक किती? 2,569! दीड कोटीच्या घरात वस्ती असलेल्या या महानगरात! मग छेत्रीनेच लोकांना हात जोडून विनंती केली की, आम्हांला नावे ठेवा, वाटेल तर शिव्याही द्या, पण मैदानावर येऊन द्या. दोनच दिवसांनी केनियाविरुद्धचा सामना झाला, तेव्हा सारी तिकिटे खपली होती. तो छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. म्हणजे मुंबईकर प्रेक्षकाला त्याची ओळख पटावयास 2018 साल उजाडले. त्याच्या बरोबरीच्या खेळाडूंना ती नऊ वर्षे आधीच पटली होती. आम्हां मुंबईकरांना क्रिकेटवाचून दुसरे काही दिसत नाही, हा आरोप मला खोडून काढता आला असता तर आनंद वाटला असता. ज्या नगरीत 1891 साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि जिचे कुपरेज मैदान अवघ्या देशात गाजले, त्या नगरीला हे शोभत नाही.

2019 साली त्याच अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला. गोव्याच्या संघाविरुद्ध जादा वेळेत बंगळूरु संघाचा विजयी गोल केला तो मुंबईच्याच राहुल भेके याने. भेके हा बचावफळीतला गडी. त्या एका गोलाने त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. परंतु त्याने होऊ न दिलेल्या गोलांची नोंद कोणत्या वहीत सापडेल? जो गोल झालाच नाही तो प्रेक्षकाला दिसत नाही. ज्याचा गोल हुकला त्या प्रतिस्पर्ध्याच्या मात्र तो चांगला स्मरणात राहतो.

याचा अर्थ खेळाडूंचे मत नेहमीच बिनचूक असते असा मुळीच नव्हे. 1999 साली मँचेस्टर युनायटेडने इंग्लंडमधील साखळी स्पर्धा, तेथील चषक आणि युरोपचा चषक अशा तिन्ही स्पर्धा जिंकल्या. पण त्या वर्षीचा मान मिळाला टॉटनहॅमच्या दाविद जिनोला यास. त्या काळी हंगाम संपण्यापूर्वीच मते द्यावी लागत, त्याचा हा परिणाम असावा. अर्थात त्या वर्षी क्रीडालेखकांनीही जिनोलाच निवडला, तेव्हा केवळ खेळाडूंना बोल लावणे न्यायाचे होणार नाही. मतदारांत मत्सर असू शकतो, संगनमतही होऊ शकते. म्हणून मत गुप्त असावे लागते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या स्वतःच्या चुकीतून शिकलो आहे.

मी एका शाळेत मुख्याध्यापक असताना फुटबॉल संघातील उत्तम खेळाडूस पेला देण्याची प्रथा सुरू केली. निवड मुलांनीच करावी असे ठरविले आणि उत्साहाच्या भरात सर्वांसमक्ष हात वर करावयास सांगितले. कर्णधार समोरच उभा होता. साऱ्यांचे हात त्याच्याच नावाला वर झाले! काही हात तर कोपरापर्यंतच उठले होते, हे माझ्या ध्यानात आले, पण उशिरा. दुसऱ्या वर्षी मी चिठ्ठ्या वाटल्या, स्वतःचे नाव लिहावयाचे नाही एवढीच अट घातली, आणि खडूची रिकामी पेटी मतपेटी म्हणून ठेवली. सर्वाधिक गोल करणारा मुलगाच निवडून येणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. किंबहुना त्याच्यासाठी चार कौतुकाचे शब्दही मी जुळवून ठेवले होते. चिठ्ठ्या उघडल्या तो बहुतेकांवर बचावफळीतील एका अबोल मुलाचे नाव! पावसाळ्यात शिवाजी पार्कच्या चिखलात सराव चाले, तेव्हा सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या शेवटी जाणारा हा मुलगा मला दोन वर्षांत नीटसा दिसलाही नव्हता.

त्या चिठ्ठ्यांतील एक अक्षर मी ओळखले. त्या मुलाच्या निबंधाच्या वह्या मीच तपाशीत असे. ज्याचे गोल सर्वांत अधिक, त्याचीच ती चिठ्ठी; आणि तीवर त्या बचावफळीतील मुलाचे नाव होते, नेहमीप्रमाणे ऱ्हस्वाचे दीर्घ करून लिहिलेले. मी ती चिठ्ठी तशीच घडी घालून पेटीत ठेवून दिली.