पैसे भरलेत ना, मग खा!

चेक-इन काउंटरवरच्या मुलीने हसत हसत माझ्या मनगटावर निळा प्लॅस्टिकचा पट्टा चढवला आणि क्लिप दाबली. खट्! हॉस्पिटलात ॲडमिट करताना लावतात ना, अगदी तस्सा. ‘‘आता सहा दिवस पाकीट विसरा,’’ ती म्हणाली. नाश्ता, दोन वेळची जेवणं, बारमधली ड्रिंक्स, बीचवरची आरामखुर्ची... सगळं त्या पट्ट्यात आलं. याला म्हणतात ऑल-इन्क्लुझिव्ह. नवऱ्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. एकदाच पैसे भरायचे, मग हिशोब नाही की काही नाही. मराठी माणसाला आणखी काय हवं?

ठिकाण : बार्बाडोस. महिना : फेब्रुवारी. नवरा प्रोजेक्टवर न्यू जर्सीत, मी सुट्टी काढून त्याच्याकडे आणि बाहेर गुडघाभर बर्फ. न्यूयॉर्कहून विमानात बसलं की साधारण पाच तासांत तुम्ही स्वेटर काढून बॅगेत कोंबत असता. ३४ किलोमीटर लांब, २३ किलोमीटर रुंद एवढंसं बेट. आपली बृहन्मुंबई त्याहून मोठी! पश्चिमेला कॅरिबियन समुद्र, शांत, हिरवा-निळा, स्वीमिंग पूलसारखा. म्हणून बहुतेक महागडी रिसॉर्ट्स तिकडे. पूर्वेला अटलांटिक, तो मात्र चवताळलेला. आमचं हॉटेल अर्थातच पश्चिमेला होतं. खोलीतून समुद्र, पलंगावर टॉवेलचा हंस, बाल्कनीत झोपाळा. सॉल्लिड!

पहिला दिवस स्वर्गात गेला. दुसरा बुफेत.

खरं सांगते, आम्ही हावरट नाही. पण पैसे आधीच भरलेले असले की डोक्यात एक एक्सेल शीट उघडते. दर दिवसाचा आकडा भागिले तीन जेवणं, त्यात अमुक ज्यूस, तमुक डेझर्ट. ‘‘तू तो प्रॉन्स नाही घेतलास?’’ ‘‘भूक नाहीये रे.’’ ‘‘अगं, पैसे भरलेत ना, मग खा!’’ लहानपणी लग्नाच्या पंगतीत काका लोक जिलेबीच्या पैजा लावायचे, त्यांना आपण हसायचो. आता आपण एसीत बसून तेच करतो, फक्त जिलेबीच्या जागी चीजकेक असतो.

आणि गंमत म्हणजे, बाहेर जाऊन जेवायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. इथे फुकट असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे? फुकट कसलं, चांगले क्रेडिट कार्ड घासून दिलेले! पण मनाला ते पटत नाही. परिणाम काय, तर तिसऱ्या दिवसापर्यंत आम्ही बार्बाडोसमध्ये पास्ता खाल्ला, बर्गर खाल्ला, पिझ्झा खाल्ला आणि हॉटेलच्या गेटबाहेर पाऊलसुद्धा टाकलं नाही. हे सगळं हिंजवडीत मिळत नाही का?

चौथ्या दिवशी जेटलॅग नसतानाही पहाटेच जाग आली. सहा वाजता बीचवर गेले, तर आमच्या आरामखुर्च्यांसमोर पाण्यात पंधरा-वीस माणसं निवांत उभी. पोहत वगैरे नव्हती. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून गप्पा चाललेल्या, जणू काही सोसायटीचा कट्टा! बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. हे गेस्ट तर वाटत नव्हते. मी आपली शहाण्यासारखी सिक्युरिटीवाल्याला विचारायला गेले, ‘‘बाहेरच्या लोकांना इथे परवानगी आहे?’’

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, खुर्ची हॉटेलची आहे. समुद्र त्यांचा आहे.’’

जाम लाज वाटली. नंतर कळलं, की बार्बाडोसमधले सगळेच्या सगळे बीच सार्वजनिक आहेत. कितीही तारे लावलेलं हॉटेल असो, वाळूवर हक्क सगळ्यांचा. हॉटेलांच्या मधून समुद्राकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटा लोकांसाठी असतात. गाव सकाळी कामाला जाण्याआधी समुद्रात एक डुबकी मारून येतं, त्याला ते ‘सी-बाथ’ म्हणतात. सगळ्या कॅरिबियनमध्ये असं नाही हं. जमैकात १९५६ चा, ब्रिटिशांच्या काळातला किनारा कायदा आहे. त्यात सामान्य माणसाला समुद्रावर जाण्याचा सरसकट हक्कच दिलेला नाही. तिथले लोक आपल्याच बीचसाठी कोर्टात भांडतायत. म्हणजे आपण ज्याला ‘प्रायव्हेट बीच’ म्हणून जास्तीचे पैसे मोजतो, तो कोणासाठी तरी बंद झालेला रस्ता असतो.

मी सावली बघून एका डेरेदार झाडाखाली टेकणार, एवढ्यात पाण्यातून एक आजी ओरडल्या, ‘‘ए पोरी, तिथे नको!’’ बाहेर येऊन त्यांनी मला झाडाच्या बुंध्यावरचा लाल रंगाचा पट्टा दाखवला. हे मँचिनील. हिरव्या सफरचंदासारखी गोंडस फळं, पण विषारी. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात तर या झाडाखाली उभंच राहायचं नाही, पानांवरून ओघळणारं पाणीसुद्धा भाजतं. बाजूला बोर्ड होता म्हणा, पण मी मॉकटेलचं मेन्यूकार्ड सोडून तिथे दुसरं काही वाचलंच कुठे होतं?

‘‘कुठे कुठे जाऊन आलात?’’ आजींनी विचारलं. मी हॉटेलकडे बोट दाखवलं. त्या हसल्या. ‘‘आज शुक्रवार. संध्याकाळी ऑइस्टिन्सला जा. आणि बसने जा!’’

नवऱ्याला पटवायला नाश्ता संपेपर्यंत वेळ लागला. ‘‘आज इथे सीफूड नाइट आहे,’’ तो म्हणाला. मी नुसतं बघितलं.

बसस्टॉपवर फक्त ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’ एवढंच लिहिलेलं. काय सुंदर सोय आहे! तिकीट कुठेही जा, साडेतीन बार्बाडोस डॉलर. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, तेव्हा हिशोब सोपा. निळ्या सरकारी बसने राजधानी ब्रिजटाउन गाठलं. मध्ये केन्सिंग्टन ओव्हल लागलं, बाहेर गॅरी सोबर्सचा पुतळा. नवरा खिडकीला नाक लावून बसला. पुढची गाडी ‘झेड-आर’. नंबरप्लेट या अक्षरांनी सुरू होते म्हणून तेच नाव. आपल्याकडचं वडापच ते! तीच कोंबाकोंबी, तीच दणदणीत गाणी, फक्त इथे सोका. कंडक्टरने विचारलं, कुठले? मुंबई म्हटल्यावर तो ओरडलाच, ‘‘रोहित!’’ आणि मग चालत्या गाडीत, एका हाताने दाराला लटकून, त्याने सूर्यकुमारचा बाउंड्रीवरचा कॅच करून दाखवला. बॉल वर, पाय बाहेर, पाय आत, कॅच! अख्खी गाडी टाळ्या वाजवत होती. सहा दिवसांच्या पॅकेजमध्ये हे नव्हतं.

ऑइस्टिन्स म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. शुक्रवारी रात्री तिथे फिश फ्राय असतो. टपऱ्यांची रांग, जाळावर मासे, धूर, लाकडी बाकडी, तुमच्या बाजूला कोण बसेल ते तुमचं नशीब. मेन्यूवर ‘डॉल्फिन’ वाचून दचकू नका, तो माही-माही मासा, आपला मित्र डॉल्फिन नव्हे. मी फ्लाइंग फिश घेतला. हा मासा त्यांच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे, एवढा लाडका. सोबत कु-कु. मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र घोटून केलेली घट्ट उकडच म्हणा ना! वर पिवळाधमक तिखट सॉस, त्यात स्कॉच बॉनेट मिरची. तीन दिवसांनी पहिल्यांदा नाकातून पाणी आलं. काय बरं वाटलं!

टपरीवाल्या बाईंना मी विचारलं, मासे रोज ताजे मिळतात का? त्या तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, ‘‘बेरिलनंतर बरेच दिवस नव्हते.’’

बेरिल. हे नाव ऐकलेलं होतं. २९ जून २०२४ ला भारताने केन्सिंग्टन ओव्हलवर दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला आणि लगेच बेरिल वादळ आलं. एअरपोर्ट बंद. आपली टीम ३ जुलैपर्यंत हॉटेलात अडकली, मग खास विमानाने निघाली आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मीही होते त्या गर्दीत. ते चार दिवस आपण सगळे एकच बातमी रिफ्रेश करत होतो : टीम कधी निघणार? हॉटेलात जेवण मिळतंय ना?

बाईंना ते आठवत होतं. ‘‘तुमची मुलं इथे हॉटेलात होती तेव्हा. हॉटेलं वाचली. आमच्या बोटी फुटल्या.’’ १ जुलैला बेरिल बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. वारा त्यामानाने बेताचा, पण समुद्र असा उसळला की ब्रिजटाउनच्या बंदरात नांगरून ठेवलेल्या बोटी एकमेकींवर आपटून फुटल्या, बुडाल्या. मासेमारीच्या ताफ्याचं कंबरडंच मोडलं. त्यांच्या दिराची बोट त्यात होती. बोट गेली की मासे गेले, मासे गेले की शुक्रवार गेला. एवढं सांगून त्यांनी माझ्या प्लेटमध्ये न मागता आणखी एक तुकडा टाकला.

नवऱ्याने पाकीट काढलं. चार दिवसांत पहिल्यांदा. आणि जरा जास्तच सुट्टे पैसे विसरून आला.

परतताना तो म्हणाला, ‘‘आपण दिलेल्या पैशांतले या बाईंपर्यंत किती पोचले असते गं?’’ मी म्हटलं, ‘‘आज सीफूड नाइटला थांबलो असतो तर? शून्य.’’ हॉटेलवर राग नाही माझा. खोली झकास होती, स्टाफ गोड होता आणि त्यांचे पगारही त्यावरच चालतात. पण त्या पट्ट्याचं एक गणित आहे. पैसे आधी भरले की माणूस आतच राहतो. आम्हाला कोणी कोंडलं नव्हतं, आम्ही आपण होऊन कोंडून घेतलं होतं, पैसे वसूल करायला!

उरलेले दोन दिवस आम्ही नाश्ता तेवढा हॉटेलात केला. एकदा पूर्वेला बाथशेबाला गेलो, अटलांटिकच्या लाटा आणि घराएवढे खडक बघत बसलो. एकदा रम शॉपच्या बाकड्यावर म्हाताऱ्यांचे डॉमिनोज पाहिले. सोंगटी अशी आपटतात की कॅरम बरा! आणि दोन्ही दिवस सकाळी सहाला सी-बाथ. आजींनी सगळ्यांशी ओळख करून दिली, ‘‘ही झाडाखाली बसणार होती, ती!’’

पट्टा न्यू जर्सीत कात्रीने कापला. मनगट सोडून बाकी हात रापला होता. ती गोरी पट्टी ऑफिसमध्ये महिनाभर दिसत होती. कलीगने विचारलं, ‘‘नवं घड्याळ हरवलं का?’’

जायचा बेत असेल तर एवढं बघा : पर्यटनासाठी भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण वाटेत विमान बदलता त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागेल का, ते तिकिटाआधीच तपासा. डिसेंबर मध्य ते एप्रिल मध्य हवा मस्त आणि भाव चढे. १ जून ते ३० नोव्हेंबर वादळांचा सीझन. मिलिटरी प्रिंटची कार्गो घरी ठेवा, तिथे लष्कराशिवाय कोणी तसले कपडे घालणं बेकायदा आहे, लहान मुलांनीसुद्धा. लाल पट्ट्याच्या झाडापासून लांब. आणि बुकिंग करताना फक्त नाश्त्याचं पॅकेज घ्या. दुपार आणि रात्र बेटासाठी ठेवा.