पाटल्या मोडण्याआधी

लोणावळ्याहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्या लिहितात, "ताई, मी जी.एन.एम. नर्स आहे. तळेगावच्या एका इस्पितळात सात वर्षं नोकरी करते, लोकलनं जा-ये. वय एकतीस, मुलगी पहिलीत. यजमानांचं बाजारात छोटं दुकान आहे. शनिवार-रविवारी पर्यटक आले की चालतं, एरवी माशा मारायच्या. माझ्याबरोबरची एक केरळची मुलगी इंग्लंडला गेली, तेव्हापासून यांनीही तेच मनावर घेतलंय. पिंपरीचा एक एजंट सहा लाख मागतो. दोन लाख आधी, उरलेले व्हिसा आल्यावर. हे म्हणतात, तुझ्या पाटल्या आणि गोफ मोडू. सासूबाई म्हणतात, पोरीला टाकून कुठं चाललीस? मला जायचं आहे, पण भीतीही वाटते. काय करू?"

बाई, पहिलं उत्तर आधी देते. पाटल्या मोडू नका. पुढं कधी काही खर्चासाठी एखादा दागिना गहाण ठेवावा लागला तर ती गोष्ट वेगळी, पण एजंटासाठी मुळीच नको. ब्रिटनमध्ये नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं हा तिथल्या १९७३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तिथलं सरकारी इस्पितळ नर्स हवी म्हणून स्वतः खर्च करतं, नर्सकडून घेत नाही. मग हे सहा लाख कशाचे, असा प्रश्न यजमानांनी त्या गृहस्थांना एकदा विचारून पाहावा. उत्तर काय येतं ते मलाही कळवा.

आता खरा रस्ता सांगते. ब्रिटनमध्ये नर्सची नोंदणी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल करते, बोलताना सगळे एन.एम.सी. म्हणतात. आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची ती तिकडची बहीण समजा. तिच्याकडे अर्ज तुम्ही स्वतः, घरी बसून ऑनलाइन करता. जी.एन.एम. चालतं, पदवीच हवी असं नाही. आधी इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची सी.बी.टी., ती भारतातल्या केंद्रावर देता येते. तिचे दोन भाग: एक हिशोबाचा, म्हणजे डोस किती मिलिलिटर, सलाईनचे थेंब मिनिटाला किती, आणि दुसरा नर्सिंगच्या ज्ञानाचा. सात वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला यात घाबरण्यासारखं काही नाही. त्यानंतर तिकडच्या इस्पितळाकडून व्हिडिओवर मुलाखत, नेमणूक, व्हिसा. तिथं पोचल्यावर प्रत्यक्ष कामाची परीक्षा, तिला ऑस्की म्हणतात. दहा टप्पे असतात, आणि पेशंटशी कसं बोलता, हात कधी धुता, कागदावर काय लिहिता, सगळं पाहतात. ती पास झालात की नोंदणी. तोवर पगार खालच्या श्रेणीचा.

या सगळ्यात अडतं कुठं, तर इंग्रजीत. म्हणून पैसा आणि वेळ आधी तिथं घाला. परीक्षा दोन प्रकारच्या. आयल्ट्समध्ये वाचन, श्रवण, संभाषण या तिन्हींत सात आणि लेखनात साडेसहा गुण लागतात. दुसरी ओ.ई.टी., ती खास वैद्यकीय पेशातल्या लोकांसाठी. तीत तिन्ही विषयांत बी आणि लेखनात सी-प्लस लागते. माझं मत विचाराल तर तुम्ही ओ.ई.टी.च द्या. आयल्ट्समध्ये शहरी वाहतूक नाहीतर पर्यावरण यावर निबंध लिहावा लागतो. ओ.ई.टी.त एका पेशंटची केस देतात आणि त्याला पुढं पाठवण्याचं पत्र लिहायला सांगतात. तोंडी परीक्षेत समोरचा माणूस पेशंट होतो, तुम्ही नर्स. रोज ड्यूटीवर करता तेच, फक्त इंग्रजीत. एका बैठकीत सगळे विषय निघाले नाहीत तरी खचू नका. बारा महिन्यांच्या आतल्या दोन बैठकांचे निकाल काही अटींवर एकत्र धरतात.

क्लास लावायलाच हवा असं नाही. लोणावळ्याहून तळेगावला जाताना मळवली, कामशेत, वडगाव करत जो अर्धा-पाऊण तास जातो, तो कानात इंग्रजी ऐकण्याचा. इस्पितळात एखाद्या मैत्रिणीबरोबर हँडओव्हर इंग्रजीत द्यायची सवय लावा. पहिले आठ दिवस दोघी हसाल, मग जमेल. लेखन मात्र कुणा जाणत्या माणसाकडून तपासून घ्या, कारण स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. सहा महिन्यांनी सरावाचे पेपर सोडवा. गुण जवळ आले तर परीक्षेची फी भरा, नाहीतर आणखी थांबा. यात नुकसान झालं तर फीचं होईल, पाटल्या कपाटात राहतील.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि ती आपल्या लग्न झालेल्या बायकांनाच जास्त नडते. तुमचं जी.एन.एम.चं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं असेल, मधे वडिलांचं नाव. आधार कार्ड सासरच्या नावाचं, मधे यजमानांचं. कौन्सिलची नोंदणी एखादीची एका नावावर, एखादीची दुसऱ्या. तिकडच्या कारकुनाला आपली ही पद्धत ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीनं त्या दोन वेगळ्या बायका. म्हणून कुठलीही परीक्षा नोंदवायच्या आधी एक नाव ठरवा आणि पासपोर्ट, कौन्सिलची नोंदणी, परीक्षा, सगळं त्याच नावानं करा. लग्नानंतर पासपोर्टवर सासरचंच नाव हवं असा कायदा नाही, माहेरचं ठेवता येतं. शिक्षणाची सगळी कागदपत्रं माहेरच्या नावाची असतील तर तेच सोपं पडतं. यजमानांना यात कमीपणा वाटायचं कारण नाही, हा सोयीचा प्रश्न आहे. नाव बदलायचंच असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढा, आणि गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या. लग्नाची नोंदणीच केली नसेल (पुष्कळ घरांत पत्रिका आणि अल्बम एवढ्यावरच भागवलेलं असतं) तर ते काम याच महिन्यात उरका. पुढं यजमानांचा व्हिसाही त्याच कागदावर होणार आहे.

नर्सिंग स्कूलकडून ट्रान्सक्रिप्ट मागवा, म्हणजे कोणत्या विषयाचे किती तास आणि कोणत्या वॉर्डात किती दिवस काम केलं याचा उतारा. जुन्या शाळेत खेटे घालावे लागतात, ते आत्ताच घाला. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी नूतनीकरण केलेली हवी, कारण तुमची नोंद खरी आहे असं परदेशी कौन्सिलला तिनंच कळवायचं असतं. आणि मूळ सर्टिफिकेटं कुणाच्याही हाती ठेवून येऊ नका, एजंटाच्या नाही आणि "फक्त दोन दिवस द्या" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्याही नाही.

आता त्या एजंटाविषयी एक शंका. तो तुम्हाला नर्स म्हणून पाठवतो आहे, हे कागदावर कुठं लिहिलंय का ते बघा. पुष्कळजणी "आधी केअर असिस्टंट म्हणून जा, तिकडं गेल्यावर नर्स व्हा" या बोलण्याला भुलल्या. ब्रिटनमध्ये मार्च २०२४ पासून केअर वर्करला नवरा-मुलं सोबत नेता येत नाहीत, आणि जुलै २०२५ पासून तर या कामासाठी बाहेरच्या देशांतून नव्यानं माणसं घेणंच बंद झालं आहे. नर्सच्या व्हिसावर मात्र नवरा आणि मुलं नेता येतात. सासूबाईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. पोरीला टाकून जायचं नाही, फार तर काही महिने आधी जायचं. आणखी एक खरं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये परदेशी नर्सेस घेण्याचं प्रमाण २०२४ पासून खूप घटलं आहे. परीक्षा पास झालात तरी मुलाखतीसाठी थांबावं लागेल. नेमणुकीचं पत्र आलं की एक कलम नीट वाचा: ठरल्याआधी नोकरी सोडली तर किती पैसे परत द्यावे लागतील. ही रक्कम आधीच स्पष्ट सांगितलेली आणि दिवस जातील तशी कमी होणारी असावी.

दुसरे देशही आहेत, पण तुमच्या घराकडे पाहून बोलते. अमेरिकेत एनक्लेक्स परीक्षा लागते. परीक्षा निघेल, पण ग्रीन कार्डाच्या रांगेत भारतीयांना दहा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, तोवर मुलगी कॉलेजात जाईल. आखातात भाषेची अट सैल आणि हातात पैसा लवकर, पण कुटुंब नेता येईल की नाही हे पगारावर ठरतं. तिथं जाणाऱ्यांनी एजन्सी आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट यादीत आहे का ते पाहावं. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जी.एस.टी. एवढंच घेता येतं. २०१५ साली केरळमधल्या एका एजन्सीनं कुवेतला जाणाऱ्या नर्सेसकडून नियमानं वीस हजारांच्या आत घ्यायचे तिथं एकोणीस लाखांवर घेतल्याचं प्रकरण सीबीआयकडे गेलं. आखाती देशांत जाणाऱ्या नर्सला सरकारी परवानगी सक्तीची झाली तीही त्याच वर्षी.

जर्मनीचा विचार मात्र करण्याजोगा आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेसही आहेत. करार झाला म्हणजे नोकरी हातात आली असं नाही. जर्मन बी-२ पातळीपर्यंत यावं लागतं, म्हणजे पार पहिलीपासून सुरुवात. पुण्यात बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, पण नाइट ड्यूटी करून तिथवर जायचं हे सोपं नाही. इंग्रजीचं जमत नाही म्हणून जर्मन घेऊ, असं मात्र कुणी समजू नये.

घरातलं बोलायचं तर, यजमानांशी एक गोष्ट आधीच बोलून घ्या. तिकडं गेल्यावर त्यांना दुकान नसेल. सुरुवातीला मुलीची शाळा, डबा, स्वयंपाक त्यांच्याकडे येईल आणि शिफ्टवरून घरी येणाऱ्या तुम्ही असाल. "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर चालायचं नाही. इकडंच रविवारी त्यांना पोळ्या करायला लावून बघा, अंदाज येईल. तुमच्याही वाट्याला वेगळं काम येईल. आपल्याकडे पेशंटला अंघोळ घालणं, कपडे बदलणं नातेवाईक नाहीतर मावशी करतात, तिकडं शिकलेली नर्सही ते करते. यात कमीपणा नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. सासूबाईंना लोकांच्या बोलण्याची भीती असेल तर त्यांना रमाबाई रानड्यांचं सांगा. १९०९ साली पुण्यात सेवासदन काढून त्यांनी विधवा मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा बोलणारे कमी होते का?

जाता जाता, वडगावच्या दोघींनी विचारलंय की ए.एन.एम. झालेल्यांना हेच करता येईल का. एवढ्यावर नाही. परदेशी कौन्सिलं रजिस्टर्ड नर्सचं शिक्षण मागतात. आधी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. करावं लागेल. प्रवेशाच्या अटी सरकारी नर्सिंग स्कूलमध्ये प्रत्यक्ष जाऊन विचारा, आणि शाळेला इंडियन नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का हे फी भरण्यापूर्वी पाहा.