जुनी पेटी आणि नवा सनमायका

गेल्या वर्षी आषाढवारीच्या तोंडावर आमच्या आळीतल्या भजनी मंडळाची पेटी दुरुस्त होऊन आली. तुकोबांच्या पालखीचा इंदापुरात मुक्काम, दुपारी रिंगण, रात्री घरोघरी भजन. अशा वेळी पेटी ठणठणीत हवी म्हणून मंडळींनी वर्गणी काढून ती दुरुस्तीला दिली होती. देवळात ती सोडली तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपले. अंगावर लालसर सनमायका, कडांना पितळी पट्टी, पांढऱ्याशुभ्र नव्या पट्ट्या आणि पुढच्या बाजूला रंगीत अक्षरांत मंडळाचे नाव! बुवांनी भाता ओढून सूर धरला. मंडळी म्हणाली, "वा!" मी मात्र गप्प बसलो. ती आमची पेटी नव्हतीच.

हे मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे. वाचकांपैकी काही जण म्हणतील, एका खोक्यासाठी एवढा शोक कशाला? त्यांनी जरा धीर धरावा.

ती पेटी माझ्या आजोबांनी मंडळाला दिलेली. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्यांची. खर्ज आणि नर अशा सुरांच्या दोन ओळी, म्हणजे एकूण ८४ सूर. सूर म्हणजे पितळेची ती बारीक जीभ, जिला इंग्रजीच्या वळणाने आपण रीड म्हणतो. आमच्या पेटीचे सूर जर्मन होते. जाणकार ज्याला 'जर्मन ज्युबिली' म्हणतात, त्या ज्युबिलेट छापाचे. पॅरिसच्या कॅस्रिएलच्या पेट्यांचे नाव जसे जुने वादक आदराने घेतात, तसेच या छापाचेही घेतात.

आता या जर्मन सुरात असे काय आहे? पितळी चौकटीत एक चीर असते. तिच्यावर जिभेचे एक टोक खिळ्याने पक्के केलेले आणि दुसरे मोकळे. भात्याची हवा चिरेतून गेली की जीभ थरथरते. जीभ आणि चौकट यांच्यातली फट जितकी बारीक, तितकी कमी हवा लागते आणि सूर बोटाबरोबर उठतो. फट मोठी असेल तर आधी फुस्स आणि मग सूर. जुने चांगले सूर या बाबतीत फार काटेकोर असत. त्यात पन्नास-साठ वर्षे वाजून ते मुरलेले. आजोबांची पेटी नुसती फुंकर मारल्यासारखा भाता हलवला तरी बोलायची. आता बुवांना भाता चांगलाच दाबावा लागतो. सनमायक्याने ते थोडेच झाकले जाते?

पेटी हे मूळचे आपले वाद्य नव्हे, हे खरे. १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅं याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पायाने भाता मारायची, खुर्चीवर बसून वाजवायची चीज होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताचा भाता लावून मांडी घातलेल्या माणसासमोर आणून ठेवले. मग ती संगीत नाटकात शिरली, बैठकीत शिरली, कीर्तनात शिरली. विद्वानांनी तिला नाके मुरडली. तिला मींड येत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, असे आक्षेप होते आणि त्यात तथ्यही होते. आकाशवाणीवर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. त्याच काळात गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा माणसांनी ती परकी पेटी मराठी करून टाकली. रेडिओने दार लावले तरी देवळाने लावले नाही. वारीच्या वाटेवरच्या गावांत ती वाजतच राहिली.

श्रुतींचा आक्षेप आला म्हणून सांगतो. जुने वादक आणि कारागीर पेटी मंडळाच्या पट्टीप्रमाणे जुळवून घेत. आमचे मंडळ काळी दोनमध्ये गायचे. त्या षड्जाला धरून आमच्या पेटीचा गंधार किंचित उतरवलेला होता. जिभेच्या टोकाकडे पितळ घासले की सूर चढतो, खिळ्याकडे घासले की उतरतो. ते घासणे कोणा कारागिराने कानाने केले होते. तो कोण, कुठला, आम्हांला ठाऊक नाही. पण त्याचा कान त्या पितळेत शिल्लक होता. आता नव्या पेटीचे सगळे स्वर यंत्रावर मोजून बसवलेले आहेत. काळी एक काय आणि पांढरी सहा काय, सगळीकडे सारखीच बरी आणि सारखीच अपुरी.

परदेशात काही लोक जुन्या विजेच्या बेस गिटारी जमवतात. बेस गिटार म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ वाजवीत तीच. कॅलिफोर्नियातल्या लिओ फेंडर नावाच्या रेडिओ-दुरुस्ती करणाऱ्या माणसाने १९५१ साली 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला. त्या पहिल्या दशकांतल्या गिटारी आज मोठ्या किमतीला जातात. पण संग्राहक किंमत ठरवताना काय पाहतो? रंग मूळचा आहे का, बटणे मूळची आहेत का, आतल्या तारांचे डाग कुणी उकलून पुन्हा लावलेत का, स्क्रूसुद्धा कारखान्याचेच आहेत का! जुना पातळ नायट्रोसेल्युलोजचा रंग थंडी-उन्हाने तडकतो, कोपराखाली झिजून लाकूड दिसते. ते त्यांना चालते. कुणी हौसेने नवा रंग मारला की किंमत साधारण निम्मी होते. गंमत अशी, की १९९५ च्या सुमारापासून तीच कंपनी नव्या गिटारींना मुद्दाम ओरखडे पाडून, रंग झिजवून, जास्त पैशाला विकू लागली. तिकडे नव्याला जुने करायला पैसे मोजतात आणि आम्ही वर्गणी काढून जुन्यावर सनमायका ठोकतो.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. स्क्रूच्या खाचेवरून भांडणारा माणूस गिटार वाजवतो कधी, हा प्रश्न मला पडतो. पुण्याच्या केळकर संग्रहालयात मी वाद्यांचे दालन पाहिले आहे. दिनकर केळकरांनी, म्हणजे 'अज्ञातवासी' कवींनी, घरोघरी आणि गावोगावी हिंडून ती संपत्ती जमवली आणि १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केली. त्यांच्यापुढे मी हात जोडतो. तरीही काचेमागचे ते वाद्य पाहताना घशाशी काहीतरी येते. पेटीचे जागच्या जागी वाजणे थांबले की भात्याचे कातडे कडक होते, आत कसर लागते, उंदीर शिरतात. वाजणारी पेटीच टिकते.

म्हणूनच बुवांनी मला जे ऐकवले ते मी उडवून लावत नाही. ते म्हणाले, "पेटी वाजवायची असती बाळा, पुजायची नसती. भाता फाटल्याला, चार सूर बसल्याले. वारीत काय तोंड घेऊन बसायचं?" बरोबर आहे. भाता बदलायलाच हवा होता. कातडे, कमानी, पट्ट्यांखालची लोकर या झिजणाऱ्या गोष्टी आहेत. त्या बदलल्याने पेटी तीच राहते. बसलेले चार सूरही बदलावे लागले असते. पण उरलेल्या ऐंशी सुरांनी कोणता गुन्हा केला होता? माझे भांडण दुरुस्तीशी नाही, एवढे बुवांनी ध्यानात घ्यावे. पालिताण्याचे सूर वाईट असतात असेही मी म्हणत नाही. ते देशभर जातात आणि नव्या पेटीत चांगले घासून बसवले तर उत्तम बोलतात. पण ते जर्मन सुरांच्या जागी, विचारल्याशिवाय का?

आणि ते सागवान! साठ वर्षे वाळलेल्या फळीला चपडी लाखेचे पॉलिश होते. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात मारत, वाळवत, पुन्हा मारत ते चढवतात. ते इतके पातळ की लाकडाच्या रेघा वर येतात, आणि खराब झाले तर त्याच स्पिरिटने काढून पुन्हा चढवता येते. सनमायका मात्र एकदा डिंकाने चिकटला की लाकडासकटच निघायचा. डाव्या कडेला आजोबांच्या तळहाताने एक फिकट चंद्रकोर पडली होती. भाता मारताना हात टेकायचा तिथे. ती आता सनमायक्याखाली आहे, की रंधा मारून साफ केली, हे कळायला मार्ग नाही.

यात चूक एकट्या दुरुस्तीवाल्याची नाही. त्याला आम्ही "चकाचक करून दे" एवढेच सांगितले होते. काढलेले भाग परत मागायचे असतात हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आले नाही. मोटारसायकलचा जुना क्लच-प्लेट मात्र आम्ही मेकॅनिककडून आठवणीने परत घेतो. बावड्यापासून निमगाव केतकीपर्यंत, तिकडे बारामतीकडे सणसर-बेलवाडीपर्यंत देवळादेवळांत अशा पेट्या असतील. आपल्या मराठी आणि इतिहास विभागांनी मनावर घेतले तर सुट्टीत आपण विद्यार्थी जाऊन वही-पेन्सिलीने त्यांची नोंद करू शकतो. झाकण उघडून सुरांवरचा छाप पाहायचा, पट्टी विचारायची, कुणी दिली आणि कुणी वाजवली ते लिहायचे. खर्च एस. टी.चा.

पालखी सराटीकडे गेल्यावर मी त्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. आमचे सूर त्याने बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला विकले होते. जुन्या जर्मन सुरांना गिऱ्हाईक असते हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. बराच वेळ ड्रॉवर धुंडाळून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेले अकरा सूर काढून दिले आणि पैसे घेतले नाहीत. त्यांत बसलेले चारही आहेत. ते मी आजीच्या सुपारीच्या डब्यात ठेवले आहेत. परवा एक ओठांशी धरून हळूच फुंकला, तर आतल्या खोलीतून आजीने विचारले, "पेटी आली का रे?"