विरीची गाडी

मुलांनो, गेल्या मे महिन्याच्या सुटीत आमच्या कोकणातील घरी माझी पाच नातवंडे जमली होती. थोरल्या नातवाने येताना विजेरीवर चालणारी मोटार आणली होती. तिचे दिवे लागत, भोंगा वाजे आणि कळ दाबताच ती आपली आपण अंगणभर फिरे. पहिल्या दिवशी तिच्याभोवती सर्वांची दाटी झाली. दुसऱ्या दिवशी तिच्या चाकांत माती अडकली आणि ती मुकी होऊन ओटीच्या कोपऱ्यात जाऊन बसली. तिच्यासाठी कोणी रडले मात्र नाही. कारण त्याच सकाळी वाडीत पोफळीची एक झावळी गळून पडली होती.

पोफळीच्या झावळीच्या बुडाशी जो रुंद, चिवट, पन्हळीसारखा भाग असतो, त्याला विरी म्हणतात. त्या विरीवर एकाने बसायचे, देठ घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने शेंड्याकडून ओढायचे, झाली गाडी! तिला ना चाक, ना कळ. पण त्या दिवशी ती आगगाडी झाली, होडी झाली, राजाची पालखीही झाली. धाकटी नात तर वळणावर दोनदा उलटली आणि दोन्ही वेळा हसत उठली. संध्याकाळी विरी फाटली, तेव्हा सारी सेना दुसरी शोधायला निघाली.

हे पाहून मला जे वाटले, ते स्पष्टच सांगतो. महाग ते वाईट आणि स्वस्त ते चांगले, असे माझे मुळीच म्हणणे नाही. परंतु ज्या खेळण्यात सर्व काही कारखान्यातच करून ठेवलेले असते, त्यात मुलाने करावे असे उरते काय? कळ दाबावी आणि पाहत राहावे. विरीची होडी व्हावयाची, तर आधी कोणीतरी नदी कल्पावी लागते. माडाच्या पातीचे भिरभिरे घ्या. त्याची पाती किंचित तिरपी वळली, तरच वारा तिला बाजूला ढकलतो आणि ते फिरते. सरळ राहिली, तर कितीही धावा, ते हलत नाही. माझ्या नातीची तीन भिरभिरी फिरली नाहीत. चौथे फिरले, तेव्हा तिला वाऱ्याविषयी जे कळले, ते मी फळ्यावर तासभर शिकवूनही कळले नसते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील बालकांसाठी शिक्षणकेंद्र सुरू केले. परदेशी पद्धतीची साधने महाग होती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच साधने मानली. त्यांच्या या कामात केवळ काटकसर होती, असे कोणी म्हणू नये. मुलाची बुद्धी कशावर चालते, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

परतीच्या वाटेवर आम्ही सावंतवाडीला उतरलो. तेथील चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकाने आहेत. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाला आकार देऊन, वर झगझगीत रंग चढवून, कारागीर भाजीपाल्यापासून भातुकलीपर्यंत सारे घडवतात. थोरल्याने तेथे बराच वेळ निवड करून एक भोवरा घेतला.

तो भोवरा पाहून माझे मन थोडे खट्टू झाले. माझ्या मेजाचा एक खण वर्षानुवर्षे भोवरे आणि गोट्या यांनी भरलेला असे. वर्गात खेळताना सापडलेल्या मुलांकडून मी त्या जप्त करीत असे. वर्गात शिस्त हवीच, हे मी आजही म्हणेन. पण मधल्या सुटीत सापडलेला भोवराही मी त्याच खणात टाकला, ते मात्र चुकले. त्यांतील किती परत केले, हे मला आता आठवत नाही.

"आजोबा, तुम्हांला फिरवता येतो?" नातवाने विचारले. मी जाळी गुंडाळली आणि भोवरा फेकला. तो आडवा होऊन गडगडत गटाराकडे गेला. पाचही मुले तो पकडायला धावली. थोरल्याने तो आणून पुन्हा माझ्याच हातात दिला आणि म्हणाला, "जाळी घट्ट गुंडाळा, आजोबा."